हम्फ्री कुकचा दोष नेमका कोणता?

मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली, एवढ्या एका वाक्यात आपण सतराव्या शतकातले ते सत्तांतर उरकून टाकतो आणि ज्याने हे बेट प्रत्यक्ष ताब्यात घेतले, त्या हम्फ्री कुकचे नावही घेत नाही. जे घेतात ते बहुधा पोर्तुगीजांच्या अपमानास्पद अटी मान्य केल्याचा दोष देण्यासाठीच, आणि तोही मला अर्धवट वाटतो.

१६६१ च्या विवाहकराराने पोर्तुगालने मुंबई इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला दिली. मात्र पुढच्या वर्षी सर अब्राहम शिपमन सुमारे ४०० सैनिकांसह आला, तेव्हा करारात नेमका किती मुलूख येतो यावर वाद घालत पोर्तुगीजांनी ताबा नाकारला. सैनिकांना कारवारजवळच्या अंजदीव बेटावर दिवस काढावे लागले. तिथे रोगराईने बहुतेक जण दगावले आणि १६६४ मध्ये शिपमनही वारला. मागे उरला त्याचा चिटणीस कुक आणि मूठभर माणसे.

अशा स्थितीत पोर्तुगीज विजरईने (व्हाइसरॉयने) पुढे केलेल्या अटी कुकने जानेवारी १६६५ मध्ये स्वीकारल्या. १८ फेब्रुवारीला, जिथे आज नौदलाचा आंग्रे तळ आहे त्या परिसरातल्या वाड्यात दस्तऐवज झाला आणि कुकने बेटावरची माती व दगड हातात घेऊन, बुरुजांवर फिरून, भिंतींना हात लावून रीतसर ताबा घेतला.

इंग्लंडच्या राजाने हा करार अपमानास्पद ठरवून नाकारला. ज्याच्यापाशी ना सैन्य होते ना पैसा, त्याने याहून चांगल्या अटी कशा मिळवायच्या होत्या? शिवाय, करारात नसलेले माहीम कुकने पुढे बळकावलेच. माझा आक्षेप वेगळ्या कलमाला आहे. पोर्तुगीज हद्दीतल्या गावांतून कुणबी, भंडारी किंवा गुलाम मुंबईत पळून आले, तर त्यांना थारा न देता मालकांच्या हवाली करावे, असे त्यात लिहिले होते. मुलखाच्या वाटणीवर दोन्ही दरबार वर्षानुवर्षे भांडले. पण राबणारी माणसे कुणाच्या तरी मालकीची आहेत, हे मात्र दोघांनी सहज मान्य केले, आणि कुकने त्यावर सही केली.

नोव्हेंबर १६६६ मध्ये सर जर्व्हेस लुकास गव्हर्नर म्हणून आला आणि कुकची कारकीर्द दोन वर्षेही पुरी न होता संपली. त्याच्यावर लाचखोरीचे आरोप झाले. त्यांवर पांघरूण घालण्याची माझी इच्छा नाही. पुढे पोर्तुगीज मुलखात जाऊन त्याने मुंबई परत मिळवण्यासाठी साष्टीत माणसे जमवली, पण तो बेत फसला. १६६८ मध्ये चार्ल्सने वर्षाला १० पौंड खंडाने हे बेट ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले.