मूल ‘दोनच भीती’ घेऊन जन्मते का?

नागपुरातील पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे: माणूस पडण्याची आणि मोठ्या आवाजाची अशा दोनच भीती घेऊन जन्माला येतो, बाकी प्रत्येक भीती आईवडील त्याच्या मनात घालतात, ती घातली नाही तर मूल निर्भय राहते आणि निर्भय मूल स्वतःला सांभाळायला आपोआप शिकते, आणि भीती बसलीच असेल, तर पाण्याला भिणाऱ्या मुलाला सरळ पाण्यात ढकलावे. हेतू चांगला असेलही, परंतु यातली एकही पायरी जशीच्या तशी टिकत नाही.

‘दोनच भीती’ ही कल्पना शंभर वर्षे जुनी आहे. मोठा आवाज आणि आधार सुटणे ही भीतीची मूळ कारणे आहेत, असे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी तान्ह्या मुलांच्या निरीक्षणावरून मांडले होते. आधार सुटताच नवजात बाळ हात फेकते, हे खरेच. पण ती प्रतिक्षिप्त क्रिया असून चार ते सहा महिन्यांत मावळते, आणि तिला उंचीची जाण म्हणता येत नाही. एलिनॉर गिब्सन व रिचर्ड वॉक यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, जाड काचेखाली एकीकडे खोल कडा भासेल अशा टेबलावर ६ ते १४ महिन्यांच्या मुलांना सोडले, तेव्हा पलीकडून आई बोलावत असतानाही बहुतेक मुले खोल बाजूला गेली नाहीत. पुढे जोसेफ कॅम्पोस व सहकाऱ्यांनी जेमतेम दोन महिन्यांच्या बाळांना त्याच काचेवर ठेवले, तर त्यांच्या हृदयाचे ठोके वाढण्याऐवजी मंदावले. ही घाबरल्याची नव्हे, निरखून पाहण्याची खूण मानली जाते. थोडक्यात, जन्मजात म्हणून सांगितली जाणारी उंचीची भीतीसुद्धा रांगण्याच्या सुमारास आणि हालचालीच्या अनुभवाबरोबर येते.

बाकी सारी भीती आईवडीलच शिकवतात, हेही अर्धेच खरे आहे. बागुलबुवा, पोलीस आणि इंजेक्शन यांच्या धमक्या आपल्या घरांत सर्रास दिल्या जातात, हा आरोप मान्य. पण आठव्या-नवव्या महिन्यात अनोळखी चेहरा पाहून रडायला मुलाला कोणी शिकवलेले नसते. आई नजरेआड होताच कासावीस होणे पहिल्या वाढदिवसाच्या आसपास आणि त्यानंतरचे काही महिने सर्वाधिक असते, आणि हा क्रम अगदी वेगवेगळ्या समाजांत जवळपास सारखाच आढळतो. तीन ते सहा या वयात अंधार आणि भुते येतात, कारण समोर नसलेली गोष्ट कल्पनेत उभी करण्याची ताकद तेव्हा आलेली असते, पण खरे-खोटे वेगळे करण्याची पुरती आलेली नसते. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इतवारी-महाल भागात काळी मारबत, म्हणजे मिरवणुकीतला भलामोठा पुतळा, पाहून तीन वर्षांचे मूल बापाच्या खांद्यात तोंड खुपसते, आणि त्याचाच आठ वर्षांचा भाऊ ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत मिरवणुकीपुढे नाचतो; घर एकच, आईवडील तेच, फरक वयाचा. त्या मोठ्याची भीती मात्र संपलेली नसते. ती अपघात, चोर, आईवडिलांचा मृत्यू यांकडे वळलेली असते, आणि किशोरवयात लोकांसमोर फजिती होण्याकडे वळते.

शिकण्यालाही मर्यादा आहेत. सुझन मिनेका आणि मायकेल कुक यांच्या प्रयोगांत प्रयोगशाळेत वाढलेली माकडे सापाला भीत नव्हती. दुसरे माकड सापाला घाबरताना पाहून ती भिऊ लागली. परंतु माकड फुलाला घाबरते आहे असे चित्रफितीत भासवले, तेव्हा ती फुलाला भिऊ लागली नाहीत.

निर्भय मूल आपोआप सुरक्षित राहते, हा या मजकुरातला सर्वांत धोकादायक भाग आहे. भीती वाटणे आणि धोका कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी फार उशिरा येते. कॅरेन अडॉल्फ यांनी दाखवले की रांगताना तीव्र उतार टाळायला शिकलेली मुले चालू लागली की त्याच उतारावर बेधडक पाय टाकतात आणि सारे पुन्हा शिकतात. प्राथमिक शाळेच्या वयात समोरून येणाऱ्या वेगवान वाहनाचा अंदाज डोळ्यांना नीट येत नाही. वर्धा रोड ओलांडताना दहा वर्षांचा मुलगा न घाबरता धावत सुटला, तर ते धाडस नसून त्याला वेग दिसलेलाच नसतो. वीज, साचलेले पाणी, संक्रांतीला बंदी असूनही मिळणारा नायलॉन मांजा आणि कठडा नसलेली गच्ची यांची भीती उपजत येतच नाही. तिथे मोठ्यांनी सांगावे लागते, आणि सांगून झाल्यावरही हात धरावा लागतो.

राहिला ढकलण्याचा उपाय. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या लहानग्याची हकीकत प्रसिद्ध केली. तो आवडीचे खात असताना पिंजऱ्यातला ससा त्याला त्रास होणार नाही इतक्या अंतरावर ठेवला जाई, आणि तो स्वस्थ राहील तसे अंतर कमी केले जाई. शेवटी पीटर सशाला हात लावू लागला. ते अंतर पीटरच्या सोसण्यावरून ठरत होते. पाण्यात ढकललेल्या मुलाला असे कोणतेच अंतर मिळत नाही.