पंचवीस तासांचा आराम

सोलापुरात एखादा रिकामा दिसला की सात रस्त्यावरचा चहावालासुद्धा विचारतो, ‘काय बे, कामधंदा नाय का?’ बोटीवर मात्र काहीही न करण्याचेच पैसे घेतात, तेही आगाऊ. मुलगी इंग्लंडला, मुलगा न्यू जर्सीत. मुलीने परस्पर साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क अशी सात रात्रींची तिकिटं काढली आणि वर बजावलं, ‘बाबा, मध्ये एकही बंदर नाही. नुसता आराम करायचा.’

पण आराम किती करायचा, याला काही सुमार? त्यात या दोन गावांच्या घड्याळांत पाच तासांचा फरक. विमानात तो एका झोपेत उरकतो. बोट आपली सावकाश पश्चिमेला सरकणार, म्हणून पाच रात्री घड्याळ एकेक तास मागे. म्हणजे दिवस पंचवीस तासांचा! आमच्याकडे यंत्रमागावर असा जादा तास लावला असता तर लाल बावटा निघाला असता. इथे लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

सकाळी दिवसभराच्या कार्यक्रमांचा कागद दारात येऊन पडायचा. बिंगो, नाच, टॉवेलचा हत्ती कसा करावा. मी तो मागच्या बाजूसकट वाचून काढायचो, तरी साडेआठच वाजलेले असायचे.

बाराच्या ठोक्याला कप्तानसाहेब लाउडस्पीकरवर. आपण कुठे आहोत, वेग किती, आणि खाली पाणी किती, तर चार हजार मीटर. हिने ते ऐकलं आणि उठून बाटल्या भरायला घेतल्या. चार-चार दिवसांआड नळाची वाट बघितलेली बाई. पाण्याच्या बाटल्या, चहाचे कप, बर्फाचं भांडं, सगळं काठोकाठ. एका अधिकाऱ्याने समजावलं, की इंजिनाच्या उष्णतेवर समुद्राच्या पाण्याची वाफ करून बोटीवरच गोडं पाणी तयार होतं, नळ जाणार नाही. ‘असं आमच्याकडे पण सांगतात,’ ही म्हणाली. केबिन आवरणारा पोरगा रोज सगळं ओतून टाकायचा, ही पुन्हा भरायची. ते युद्ध न्यूयॉर्कपर्यंत चाललं.

डेकवरच्या आरामखुर्च्यांचा मामला जरा ओळखीचा निघाला. साहेबलोक पहाटेच टॉवेल टाकून जागा धरतात. एस्टीच्या खिडकीतून रुमाल टाकण्यात हयात गेलेल्या माणसापुढे ही टॉवेलची मिजास! मी थेट सोलापुरी चादर पसरली, तीही डबल, दोन खुर्च्यांवर. आणि जेवायला गेलो.

येऊन बघतो तर एक म्हातारे इंग्रज गृहस्थ तीच चादर गळ्यापर्यंत ओढून घोरताहेत. अटलांटिकचं वारं बोचरं, त्यांचा तरी काय दोष? जागे झाल्यावर त्यांनी काठ चाचपला, वीण उलटसुलट करून पाहिली, दोन्ही हातांनी वजन घेतलं आणि किंमत विचारली. हिचा चेहरा असा उजळला, जसा आठवडाभरात उजळला नव्हता. खुर्ची ओढून बसली. ते पौंडात बोलायचे, ही डॉलरमध्ये, मी मध्ये हिशेब करायला. ते उठून जायचे, फिरून परत यायचे. ही चादरीची घडी घालायची, पुन्हा उलगडून दाखवायची. चहा झाला, सूर्य कलला, शेवटी ते हात जोडून निघून गेले.

‘अगं, चांगली किंमत देत होते की!’ मी म्हणालो.

‘विकायची कुणाला होती? दुपार बरी गेली की हो!’