वार एक की दोन?

मागच्या आठवड्यात गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज आला. वर दोन गुटगुटीत बाळांचा फोटो, खाली गुलाबाची फुलं आणि मधे सहा ‘सत्यं’. जोडकेळं खाल्लं की जुळं होतं. दोन बाळं आहेत हे एकदा कळलं की पुन्हा सोनोग्राफी करू नये, किरणांनी बाळं सुकतात. एक बाळ दुसऱ्याचं रक्त पितं, त्याला इलाज नाही. आईनं कमी खावं, म्हणजे बाळं लहान राहून सुटका सोपी होते. सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही. आणि जुळं म्हटलं की सीझरच. शेवटी नेहमीचं, ‘दहा जणींना पाठवा’. दोन दिवसांत तो मला चार ठिकाणांहून आला. त्यातला एक आमच्या आशाताईकडून, ‘खरं हाये का सिस्टर?’ असं विचारत. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रावर मी २२ वर्षं आरोग्यसेविका आहे, तेव्हा उत्तर देणं भाग होतं.

जोडकेळ्याला दोनच ओळी. दोन बीजं एकाच वेळी सुटली किंवा एकच फळलेलं बीज दुभंगलं, तर जुळं होतं. पहिला प्रकार आईच्या माहेरात असू शकतो, वाढत्या वयात आणि मूल राहण्याच्या औषधांनी त्याचं प्रमाण वाढतं. दुसरा जगात सगळीकडे साधारण २५० बाळंतपणांत एकदा, कुणाच्या हातात नसलेला. केळं बिचारं खाऊ द्या.

आता सोनोग्राफी. त्यात एक्स-रेसारखे किरण नसतात, आवाजाच्या लहरी असतात. पण मेसेजमधलं खरं घातक वाक्य आहे ‘एकदा कळलं की पुन्हा नको’. आमच्याकडे बायाही तेच म्हणतात, “दोन हायेत म्हनून सांगतलं ना डॉक्टरनं, आता काय पाहाचं राह्यलं?” राहिलं ते हे, की वार, म्हणजे आईकडून बाळाला अन्न-प्राणवायू पोचवणारी आणि बाळंतपणानंतर बाहेर पडणारी ती, दोघांत एक आहे की प्रत्येकाची वेगळी. दोन बाळं आहेत हे निम्मंच निदान झालं.

ते सर्वांत नीट दिसतं ११ ते १४ आठवड्यांत. बाळं ज्यात असतात त्या पाण्याच्या दोन पिशव्यांच्या मधला पडदा वारेला जिथे भिडतो, तिथे जाड त्रिकोण दिसला तर वार वेगवेगळी. पडदा पातळ आणि सरळ भिडला तर एकच. पुढे हा त्रिकोण पुसट होतो, आणि शेजारी वाढलेल्या दोन वारा एकमेकींना चिकटून एकच असल्यासारख्या दिसू लागतात. परदेशात उशिरा आलेल्या बाईला एक मुलगा, एक मुलगी दिसली तरी वार वेगळी हे कळतं. आपल्याकडे लिंग सांगणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तो राहायलाच हवा. म्हणून आपल्याला तिसरा महिना चुकवून चालत नाही.

‘रक्त पितं’ हे मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. ते आमच्या आजीही सांगायच्या आणि त्यात अर्धं खरं आहे. वार एकच असेल तर तिच्यातून दोघांच्या रक्तवाहिन्या जोडलेल्या असतात. अशा १०० जुळ्यांपैकी १० ते १५ मध्ये रक्ताचा तोल बिघडतो, एकाकडून दुसऱ्याकडे जास्त जातं. देणाऱ्याच्या पिशवीतलं पाणी आटतं, घेणाऱ्याची पिशवी तुडुंब भरते. पण घेणारं बाळ बलवान होत नाही. जादा रक्त ढकलून त्याचं हृदय थकतं. दोघंही धोक्यात असतात. वार वेगवेगळी असेल तर हे बहुधा होतच नाही.

काही वर्षांपूर्वी एक बाई आली. सोनोग्राफीचा कागद साडीच्या दुकानाच्या पिशवीत घडी करून ठेवलेला. दुसऱ्या ओळीत ‘एमसीडीए’ छापलेलं होतं, म्हणजे वार एक, पिशव्या दोन. ते घरच्यांनी वाचलं नाही, मीही वाचलं नाही. मी ‘जुळे’ एवढंच कार्डावर लाल पेनने लिहिलं. अशा बाईला १६ व्या आठवड्यापासून दर १५ दिवसांनी सोनोग्राफी हवी. तेव्हा कापूस वेचणी चालू होती, ती परत आली ती थेट पाचव्या महिन्यात. आठ दिवसांत पोट इतकं वाढलेलं की आडवं होता येईना. सासू म्हणाली, “जुडवा हाये, पोट तं दिसनच ना.” मशीनवर एक बाळ पाण्यात तरंगत होतं, दुसरं पडद्यात गुंडाळल्यासारखं भिंतीला चिकटलेलं. दोन्ही गेली. इलाज आहे, जोडलेल्या वाहिन्या लेसरने बंद करतात, पण तो मोठ्या शहरांत मोजक्या ठिकाणी होतो आणि वेळेत पोचलं तरच. त्या दिवसापासून मी ती दुसरी ओळ आधी वाचते.

कमी खाण्याचा सल्ला कुणी काढला देव जाणे. जुळी आधीच एकट्या बाळापेक्षा लहान असतात. उपास काढून आणखी लहान झाली की ती सरळ नवजात कक्षात. रोज एक जेवण जास्त: भाकर, तुरीचं वरण, अंडं चालत असेल तर अंडं, मधल्या वेळी शेंगदाणा-गूळ. लोहाची गोळी रोज, चहासोबत नाही आणि कॅल्शियमसोबतही नाही. गोळ्या घेऊनही रक्त भरत नसेल तर सिकलसेलची तपासणी झाली का विचारा. आपल्या विदर्भात हे विचारायलाच हवं. दर भेटीला बीपी, कारण जुळ्यात ते चढण्याचा धोका दुपटीतिपटीने जास्त.

आठव्या महिन्याचं वाचून मला खरंच राग आला. आधी आपली मोजणी बघा. ‘आठवा लागला’ म्हणजे सात भरले, ३० आठवडे. ‘आठ भरले’ म्हणजे ३५. घरात दोन्हीला आठवाच म्हणतात, आणि दोघांत महिन्याभराचं अंतर आहे. पोटात जितके आठवडे जास्त, तितकी फुप्फुसं पक्की. सात महिन्यांचं बाळ आठ महिन्यांच्यापेक्षा कधीच बळकट नसतं. निम्म्याहून जास्त जुळी ३७ आठवड्यांआधी येतात, म्हणून हा समज जुळ्याच्या आईलाच जास्त भोवतो. कळा आल्या तर ‘आता काही खरं नाही’ म्हणत घरी बसतात. ३४ आठवड्यांच्या आत असेल तर डेक्सामेथासोनची १२-१२ तासांनी चार इंजेक्शनं देता येतात, बाळाचा श्वास त्याने सावरतो. ती घरी बसून मिळत नाहीत. १०२ किंवा १०८ लावा.

सीझरचं अर्धंमुर्धं खरं. दोन्ही बाळं एकाच पिशवीत असतील तर सीझरच, तेही ३२ ते ३४ आठवड्यांत. पण पिशव्या वेगळ्या आणि पहिल्या बाळाचं डोकं खाली असेल तर नॉर्मलचा प्रयत्न करता येतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, २५ देशांतल्या मोठ्या अभ्यासात अशा बायांना ठरवून सीझर केल्याने बाळांचा फायदा दिसला नाही. फक्त जागा कोणती ते महत्त्वाचं. पहिलं बाळ आलं की दुसरं आडवं फिरू शकतं, आणि ताणलेलं गर्भाशय आकसलं नाही तर रक्त थांबत नाही. त्यामुळे माझ्या उपकेंद्रावर जुळ्याचं बाळंतपण नको, मी कितीही अनुभवी असले तरी. रक्त आणि ऑपरेशनची सोय असलेलं रुग्णालयच.

हे सगळं ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, ज्यांना जुळं आहे त्यांनी रिपोर्टचा फोटो मला एकटीला पाठवा, ग्रुपवर नको. रात्री साडेनऊला एक आला, उलटा आणि अर्धा अंधारात. फोन फिरवून दुसरी ओळ वाचली. वार एकच. सोमवारी तिला सोळावा आठवडा लागतो. गाडी सांगून ठेवली आहे.