प्रोग्राम बंद पडतो म्हणून फॉरमॅट मारायचा? एका लोकप्रिय संदेशाचा प्रतिवाद

‘आपोआप बंद पडणाऱ्या प्रोग्रामवर रामबाण उपाय’ अशा मथळ्याचा एक संदेश गेली काही वर्षे फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, सांगणे तेच राहते. संगणकावरचा एखादा प्रोग्राम वारंवार बंद पडत असेल तर कारण व्हायरस किंवा अपुरी रॅम हेच असते. प्रोग्राम काढून पुन्हा इन्स्टॉल करावा, रजिस्ट्री (विंडोज आणि प्रोग्राम यांच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ करणारे एखादे साधन चालवावे, सगळे ड्रायव्हर (प्रिंटर, ग्राफिक्स कार्ड अशी उपकरणे चालवणारे सॉफ्टवेअर) एकदम अपडेट करावेत आणि तरीही फरक पडला नाही तर सरळ फॉरमॅट मारावा. शेवटी एक सल्लाही असतो की, पडद्यावर ‘अहवाल पाठवायचा का?’ असे विचारले गेले तर नाही म्हणावे, कारण ते अहवाल कोणी वाचत नाही.

यातला प्रत्येक उपाय कधी ना कधी कोणाच्या तरी उपयोगी पडलेला आहे, आणि म्हणूनच हा संदेश खोडून काढणे अवघड जाते. माझा मुख्य आक्षेप त्यात जे नाही त्याबद्दल आहे. बंद पडलेल्या प्रोग्रामची नोंद संगणक बहुतेक वेळा स्वतःहून ठेवतो. ती आधी वाचावी, हे या संदेशात कोठेही सांगितलेले नाही, आणि शेवटचा उपाय तर ती नोंदच पुसून टाकतो.

विंडोजमध्ये ही नोंद इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, ‘विंडोज लॉग्ज’खालच्या ‘ॲप्लिकेशन’ विभागात सापडते. प्रोग्राम कोसळला असेल तर १००० क्रमांकाची नोंद असते आणि तो प्रतिसाद देईनासा झाल्यामुळे बंद करावा लागला असेल तर १००२ क्रमांकाची. दोन्ही प्रकारांना आपण बोलताना ‘बंद पडला’ असेच म्हणतो, पण त्यांची कारणे सहसा वेगळी असतात. १००० क्रमांकाच्या नोंदीत प्रोग्रामचे नाव, ज्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे प्रोग्रामने उतरवून घेतलेल्या कोडच्या ज्या फाइलमध्ये, चूक घडली तिचे नाव आणि चुकीचा संकेतांक दिलेला असतो. ‘सी’ या अक्षरापुढे सहा शून्ये आणि शेवटी ५ असा संकेतांक असेल, तर आपल्याला परवानगी नसलेल्या स्मृतीच्या (मेमरीच्या) जागेला प्रोग्रामने हात लावला असा त्याचा अर्थ. ‘सी००००३७४’ असेल, तर प्रोग्रामच्या ताब्यातल्या स्मृतीची मांडणीच बिघडली होती. ही भाषा रुक्ष वाटत असेल तर स्टार्ट मेनूत ‘रिलायबिलिटी’ असे शोधावे. दिवसवार आलेख उघडतो आणि कोणत्या दिवशी काय कोसळले, त्याच्या आसपास काय इन्स्टॉल झाले, हे एकाच ठिकाणी दिसते. मॅकवर ‘कन्सोल’ या ॲपमध्ये असे क्रॅश अहवाल मिळतात, तर आजच्या बहुतेक लिनक्स प्रणालींत ते सिस्टिम जर्नलमध्ये असतात. कोठेच काही सापडले नाही, तर तीही माहितीच आहे: प्रोग्राम बहुधा कोसळला नसून स्वतःहून बाहेर पडला किंवा दुसऱ्या कोणीतरी त्याला बंद केले, आणि मग त्याच्या स्वतःच्या लॉगमध्ये शोधावे लागते.

एवढे हाताशी घेऊन आता दाव्यांकडे वळू.

‘काढून टाका आणि पुन्हा इन्स्टॉल करा’ हा सर्वांत लोकप्रिय सल्ला आहे. प्रोग्रामच्या स्वतःच्या फायली खराब झाल्या असतील, उदाहरणार्थ अपडेट चालू असताना वीज गेली असेल, तर तो लागू पडतो. मात्र प्रोग्राम काढताना बहुतेक वेळा फक्त त्याच्या मूळ फायली जातात. वापरकर्त्याची सेटिंग्ज, अलीकडे उघडलेल्या फायलींची यादी, अर्धवट लिहिलेले कॅश (तात्पुरता साठवलेला डेटा) हे सगळे विंडोजमध्ये वापरकर्त्याच्या ‘ॲपडेटा’ या लपवलेल्या फोल्डरमध्ये, मॅकवर ‘लायब्ररी’त आणि लिनक्सवर होम फोल्डरमधल्या लपवलेल्या फोल्डरांत तसेच राहते. ते मुद्दामच ठेवलेले असते, म्हणजे पुन्हा इन्स्टॉल केल्यावर माणसाला आपली मांडणी परत मिळावी. दोष त्याच सेटिंग्जमध्ये असेल तर तोही इमानेइतबारे परत मिळतो.

हे मी स्वतः अनुभवले आहे. पानांची मांडणी करण्याचा माझ्या वापरातला एक प्रोग्राम दस्तऐवज उघडताच बंद पडू लागला. तो मी तीन वेळा काढून पुन्हा टाकला, आणि तिन्ही वेळा पहिल्याच दस्तऐवजाला तो पुन्हा कोसळला. अखेर नोंद उघडली तेव्हा चूक घडलेल्या मॉड्यूलच्या जागी त्या प्रोग्रामची फाइल नव्हतीच. कधीच अडगळीत गेलेल्या एका प्रिंटरच्या ड्रायव्हरची होती. असे प्रोग्राम पानाचा आकार आणि समास ठरवण्यासाठी डीफॉल्ट प्रिंटरच्या ड्रायव्हरला विचारतात आणि त्यासाठी त्याचा काही भाग स्वतःच्याच प्रक्रियेत उतरवून घेतात. तिथे ड्रायव्हर चुकला की प्रोग्राम मरतो आणि दोष प्रोग्रामच्या माथी येतो. डीफॉल्ट प्रिंटर बदलायला अर्धे मिनिट लागले. त्याआधी एक अख्खा रविवार वाया गेला होता. ‘फाइल उघडा’ ही खिडकी आली की कोसळणाऱ्या प्रोग्रामांचीही गत अनेकदा हीच असते, कारण त्या खिडकीबरोबर इतर सॉफ्टवेअरने विंडोजला जोडलेले विस्तारही त्याच प्रक्रियेत येऊन बसतात.

म्हणून पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी दोन स्वस्त चाचण्या कराव्यात. संगणकावर नवे वापरकर्ता खाते उघडून तोच प्रोग्राम तिथे चालवून पाहावा. तिथे तो सुरळीत चालला तर दोष जुन्या सेटिंग्जमध्ये असण्याची शक्यता मोठी. मग सेटिंग्जच्या फोल्डरचे नाव बदलून ठेवावे, ते पुसू नये. दुसरी चाचणी सेफ मोडची, म्हणजे ॲड-इन (प्रोग्रामला वरून जोडलेल्या जादा सोयी) बंद ठेवून प्रोग्राम उघडण्याची. विंडोजवर वर्ड किंवा एक्सेल सुरू करताना कंट्रोल कळ दाबून धरली तर ते ॲड-इनशिवाय उघडायचे का असे विचारतात. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिसमध्येही अशी सोय आहे. तसे उघडल्यावर कोसळणे थांबले, तर ॲड-इन एकेक करून परत चालू करावेत आणि दरवेळी थोडा वेळ काम करून पाहावे. कंटाळवाणे आहे, पण अपराधी नावानिशी सापडतो.

‘रॅम कमी पडते’ या दाव्यात तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ आहे. विंडोजमध्ये प्रोग्रामांना स्मृतीचे आश्वासन द्यायची मर्यादा ढोबळमानाने रॅम आणि पेज फाइल (रॅमला पूरक म्हणून विंडोज डिस्कवर वापरते ती फाइल) यांची बेरीज असते. ही मर्यादा संपली की पुढची मागणी नाकारली जाते आणि ज्या प्रोग्रामने नकाराची तयारी ठेवलेली नसते तो कोसळतो, मग प्रत्यक्ष रॅम काही प्रमाणात मोकळी का असेना. ‘एसएसडी वाचवा’ अशा दुसऱ्या एखाद्या फिरत्या संदेशावरून पेज फाइल बंद करून ठेवलेल्या लोकांवर ही वेळ लवकर येऊ शकते. फायरफॉक्सच्या विकासकांनी २०२२ मध्ये सांगितलेला अनुभव बोलका आहे: विंडोजने स्मृती नाकारली तर लगेच कोसळण्याऐवजी क्षणभर थांबून पुन्हा मागायची एवढीच सुधारणा त्यांनी केली, तेवढ्या अवधीत विंडोजला पेज फाइल वाढवायला वेळ मिळाला आणि स्मृतीअभावी होणारे क्रॅश लक्षणीय घटले. नवी रॅम कोणी विकत घेतली नव्हती.

दुसरी गोष्ट ३२ बिटच्या प्रोग्रामांची. अशा प्रोग्रामला विंडोजमध्ये साधारणपणे २ जीबी स्मृतीचेच पत्ते वापरता येतात, आणि ६४ बिटच्या विंडोजवर, तो तशी तरतूद करून बनवलेला असला तरच, ४ जीबीपर्यंत. संगणकात ३२ जीबी रॅम बसवली तरी तो त्याच मोठ्या फाइलला त्याच जागी कोसळणार. त्याच्यावर उपाय त्या प्रोग्रामची ६४ बिटची आवृत्ती हाच आहे. तिसरी गोष्ट गळतीची: वापरलेली स्मृती प्रोग्राम परत करत नसेल तर जास्त रॅममुळे क्रॅश दुपारी होण्याऐवजी संध्याकाळी होतो, इतकेच. टास्क मॅनेजरमध्ये त्या प्रोग्रामचा स्मृतीचा आकडा काही वेळ पाहत राहिले की यातले काय घडते आहे त्याचा अंदाज येतो. आकडा स्थिर असताना प्रोग्राम कोसळत असेल आणि इतर प्रोग्रामांनीही स्मृती अडवून ठेवलेली नसेल, तर रॅमच्या जाहिराती पाहण्यात अर्थ नाही.

‘हा व्हायरसच आहे’ या दाव्याबद्दल एवढेच म्हणेन की स्कॅन जरूर करावा, पण आजच्या बहुतेक घातक सॉफ्टवेअरला गुपचूप राहण्यातच फायदा असतो आणि आपल्या यजमानाचा एकच प्रोग्राम वारंवार पाडून त्याला जागे करण्यात त्याला स्वारस्य नसते. उलट बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. इतर प्रोग्रामांवर नजर ठेवण्यासाठी काही सुरक्षा-सॉफ्टवेअर त्यांच्या प्रक्रियेत स्वतःचा कोड घुसवते. विंडोजवर क्रोम वापरणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे असा कोड घुसवणारे सॉफ्टवेअर होते, त्यांच्याकडे क्रोम कोसळण्याची शक्यता १५ टक्क्यांनी जास्त होती, असे गूगलने २०१७ मध्ये जाहीर केले आणि पुढे असे घुसवणे रोखायला सुरुवात केली. १९ जुलै २०२४ रोजी सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले, तेही क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटमुळे. तो बिघाड एखाद्या प्रोग्रामचा नसून संपूर्ण प्रणालीचा होता, हे खरे. पण संशयितांच्या यादीतून पहारेकऱ्याला वगळता येत नाही. याचा अर्थ अँटीव्हायरस काढून टाकावा असा कोणी घेऊ नये. चूक घडलेल्या मॉड्यूलच्या जागी त्याची फाइल दिसली तर त्याची नवी आवृत्ती घ्यावी किंवा त्याच्या निर्मात्यांना कळवावे.

रजिस्ट्री साफ करण्याच्या साधनांवर शब्द खर्च करावेत असे वाटत नाही. जी जुनी नोंद कोणताही प्रोग्राम वाचत नाही, तिच्यामुळे कोणताही प्रोग्राम कोसळत नाही. आणि जी वाचली जाते, ती चुकून पुसली गेली तर नवाच घोळ होतो. अशा साधनांच्या वापराला आपला पाठिंबा नाही, हे मायक्रोसॉफ्टने लेखी सांगितलेले आहे.

‘सगळे ड्रायव्हर अपडेट करा’ यात अर्धे सत्य आहे, कारण ग्राफिक्सचा ड्रायव्हर हा खरोखरच नेहमीचा संशयित आहे. आक्षेप ‘सगळे’ या शब्दाला आहे. एका बैठकीत दहा ड्रायव्हर बदलले आणि क्रॅश थांबले, तर कशामुळे थांबले ते कळत नाही. नवी कटकट सुरू झाली, तर ती कोणी आणली तेही कळत नाही. मॉड्यूलचे नाव ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरकडे बोट दाखवत असेल तर आधी प्रोग्राममधले हार्डवेअर ॲक्सिलरेशन (चित्रणाचे काम ग्राफिक्स कार्डाकडे सोपवण्याची सोय) बंद करून पाहावे; त्याने फरक पडला तर तेवढाच एक ड्रायव्हर निर्मात्याकडून घ्यावा. क्रॅश नेमके ड्रायव्हरच्या अपडेटनंतरच सुरू झाले असतील तर मागची आवृत्ती परत आणणे हाच उपाय. एक सावधगिरीही सांगायला हवी: ‘एनटीडीएलएल’ किंवा ‘कर्नलबेस’ ही विंडोजच्याच फायलींची नावे दिसली म्हणून विंडोज बिघडले असे समजू नये. त्या फायली जवळपास प्रत्येक प्रोग्राम वापरतो, आणि दुसऱ्याने केलेला घोटाळा बऱ्याचदा त्यांच्या दारात उघडकीस येतो.

फॉरमॅट मारल्याने सॉफ्टवेअरची बहुतेक कारणे एका झटक्यात जातात, हे मान्य. पण कारण यंत्रात असेल तर दिवसभराची मेहनत करून आपण होतो तिथेच येतो. इंटेलच्या डेस्कटॉपसाठीच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही प्रोसेसरांबाबत असेच घडले. खेळ सुरू होताना कोसळत आणि पडद्यावर ‘व्हिडिओ मेमरी अपुरी’ असा संदेश येई, त्यामुळे अनेकांनी ग्राफिक्स कार्डावर संशय घेतला. दोष प्रोसेसरला मिळणाऱ्या वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेजशी निगडित होता. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये त्यासाठी सुधारित मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या मूलभूत सूचना) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, पण आधीच इजा झालेले प्रोसेसर त्या सुधारणेने बरे होणार नव्हते. अशा बिघाडाची खूण नोंदींत दिसते: एकच प्रोग्राम त्याच मॉड्यूलमध्ये त्याच संकेतांकाने कोसळत असेल तर बहुधा सॉफ्टवेअर, वेगवेगळे प्रोग्राम दरवेळी वेगळ्याच ठिकाणी कोसळत असतील तर रॅम, प्रोसेसर, तापमान किंवा वीजपुरवठा. ओव्हरक्लॉकिंग केले असेल, म्हणजे प्रोसेसर किंवा रॅम ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवली जात असेल, तर आधी मूळ वेगावर यावे आणि रॅमची चाचणी रात्रभर चालू ठेवावी. सुमारे दहा लाख संगणकांच्या नोंदी तपासून मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ मध्ये मांडले होते की, यंत्रातल्या दोषामुळे एकदा कोसळलेला संगणक पुन्हा तसाच कोसळण्याची शक्यता शंभर पटींपर्यंत वाढते. अशा संगणकावर नवे विंडोज टाकून काय साधणार?

राहिला शेवटचा सल्ला, अहवाल न पाठवण्याचा. प्रत्येक अहवाल माणूस वाचत नाही, हे बरोबरच आहे. प्रोग्राम, मॉड्यूल आणि चुकीची जागा यांवरून सारखे अहवाल यंत्रच एका गठ्ठ्यात टाकते, आणि कोणता गठ्ठा मोठा आहे त्यावरून दुरुस्तीचा क्रम ठरवता येतो. सगळ्या चुकांपैकी सुमारे ८० टक्के चुका २० टक्के दोषांमुळे होतात, आणि अवघ्या एक टक्का दोषांमुळे निम्म्या चुका होतात, हे मायक्रोसॉफ्टचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह बामर यांनी २००२ मध्ये लिहिले, ते अशाच अहवालांच्या आधारावर. आपला अहवाल हे त्या गठ्ठ्यातले एक मत असते. गोपनीयतेची शंका मात्र मला रास्त वाटते, कारण अहवालासोबतच्या डम्प फाइलमध्ये त्या क्षणीच्या स्मृतीचा अंश असतो आणि त्यात उघड्या दस्तऐवजातला मजकूर येऊ शकतो. दस्तऐवज नाजूक असेल तर डम्प न पाठवता निर्मात्यांना थेट लिहावे: प्रोग्रामची नेमकी आवृत्ती, मॉड्यूलचे नाव, संकेतांक, आणि कोणत्या तीन-चार कृती ओळीने केल्या की तो हमखास बंद पडतो.