पॅराव्ह्यूची स्क्रिप्ट दुसऱ्याच्या गळ्यात कशी मारावी

परवा रात्री अडीच वाजता सांगलीत विश्रामबागेतल्या खोलीवर बसून मी २४० फोटो एकेक करून उघडले. २०१९ च्या कृष्णेच्या पुराचं कॉम्प्युटर मॉडेल, दहा दिवस, तासाला एक फ्रेम. आयर्विन पुलाला ४५ फुटाला धोका पातळी असते आणि त्या साली पाणी ५७ फुटांवर गेलेलं, ते गावात कसं कसं शिरलं हे सकाळी प्रोजेक्टच्या गाईडना दाखवायचं होतं. सगळे फोटो करडे. ना कृष्णा, ना पूल, ना पाणी, नुसता करडा रंग, २४० वेळा. पॅराव्ह्यू म्हणजे असल्या मॉडेलच्या आकड्यांची चित्रं काढणारं सॉफ्टवेअर, आणि ते चालवणारी स्क्रिप्ट आमच्या एका सिनियरची, जो आता पुण्यात नोकरीला आहे. त्याच्याकडून जे शिकलो ते फुकट वाटतोय, घ्या.

पहिलं म्हणजे स्क्रिप्ट लिहायची नसते, रेकॉर्ड करायची असते. टूल्समध्ये जाऊन स्टार्ट ट्रेस दाबा आणि मग माउस घेऊन वाट्टेल तिथं क्लिक करा, रंग सतरा वेळा बदला, चुकीचा स्लाइस, म्हणजे डेटाचा काप, घेऊन परत काढून टाका, सगळं इमानदारीनं नोंदवलं जातं. स्टॉप ट्रेस दाबलं की आठशे ओळींची पायथन फाईल हजर. ह्याला बायोडेटात ऑटोमेशन लिहायचं. आत डेटाचा पत्ता सी ड्राइव्ह, युजर्स, तुमचं नाव, डेस्कटॉप, न्यू फोल्डर टू असाच राहू द्या. समोरचा बिचारा लिनक्स सर्व्हरवर चालवणार आहे, तिथं सी ड्राइव्ह नसतो, पण तुमचं डेस्कटॉप कसं आहे ते तरी त्याला कळेल.

कशी चालवायची ते विचारलं तर "पायथननं चालव की" एवढंच म्हणा. मग तो साध्या पायथननं चालवतो, पॅराव्ह्यू नावाचं मॉड्यूल नाही म्हणून एरर येतो, मग तो पिपनं व्हीटीके, म्हणजे पॅराव्ह्यूच्या आतली ग्राफिक्स लायब्ररी, टाकतो, मग बॅशआरसी ह्या सेटिंगच्या फाईलीत पायथनपाथ, म्हणजे मॉड्यूल कुठं शोधायचं तो पत्ता, घालतो, मग आधीच्या दोन चालू गोष्टी बंद पडतात. पॅराव्ह्यू स्वतःचं पायथन सोबत घेऊन येतो, त्याचे कंपाइल केलेले भाग त्याच व्हर्जनला बसतात, सिस्टमवर ३.१२ आणि आत ३.१० असलं की जमत नाही. बिन फोल्डरमध्ये पीव्हीपायथन आणि पीव्हीबॅच नावाचे दोन प्रोग्रॅम ह्याच कामासाठी ठेवलेत हे मात्र गुपित ठेवा.

डेटावर फिल्टर लावून लगेच आकड्यांची रेंज छापा, अपडेट पाइपलाइन, म्हणजे आता खरोखर गणित कर, असं अजिबात म्हणू नका. मॉडेलमध्ये पाणीच नाही असं उत्तर येईल, सांगलीकरांना तेवढाच दिलासा.

सर्व्हरला स्क्रीन नसते, हे स्क्रिप्ट देताना सांगायचं काही कारण नाही. "बॅड एक्स सर्व्हर कनेक्शन" म्हणून पॅराव्ह्यू मरतो, एक्स सर्व्हर म्हणजे लिनक्सवर स्क्रीन सांभाळणारा प्रोग्रॅम, मग कुणीतरी सांगतं एसएसएच करताना, म्हणजे लांबून सर्व्हरवर शिरताना, एक्स फॉरवर्ड करून स्वतःचीच स्क्रीन दे. केलं. चाळीस फ्रेमपर्यंत छान चाललं, मग लाईट गेली, वायफाय गेलं, कनेक्शन गेलं आणि स्क्रिप्टही गेली. फोर्स ऑफस्क्रीन रेंडरिंगचा फ्लॅग लावा म्हणतात, तो लावला तरी जुन्या साध्या बिल्डला लिनक्सवर एक्स सर्व्हर लागतोच, नाहीतर स्क्रीनशिवाय चित्र काढणारा ईजीएल किंवा ओएसमेसावाला बिल्ड वेगळा उतरवायचा. मी शेवटी एक्सव्हीएफबी लावून खोटी स्क्रीन उभी केली. पुण्याच्या साहेबांना विचारलं तर म्हणे, "माझ्याकडं तर चालतंय." तुझ्याकडं मॉनिटर आहे रे.

एररचा फोटो मोबाईलनं काढा, तिरका, शेवटची ओळ कापून.

आणि आता मुख्य कौशल्य. स्क्रिप्ट देण्याआधी ती "साफ" करायची. ट्रेसच्या वरच्या ओळींत पॅराव्ह्यू स्वतःहून लिहितो की ही कुठल्या व्हर्जनमध्ये बनली, कमेंटच आहे, काय उपयोग, उडवा. मग समोरच्याच्या व्हर्जनमध्ये एखाद्या प्रॉपर्टीचं नाव वेगळं असतं आणि पॅराव्ह्यू सांगतो की असं ॲट्रिब्यूट नाही, टायपिंगची चूक होऊ नये म्हणून नवीन बनवू देत नाही. तो बिचारा रात्रभर स्पेलिंग तपासत बसतो! स्पेलिंग बरोबरच असतं! शेवटी खाली कॅमेऱ्याच्या पोझिशनच्या चार ओळी असतात, लांबलचक दशांश आकडे, दिसायला घाण, त्याही उडवा. पण सुरुवातीची "डिसेबल फर्स्ट रेंडर कॅमेरा रीसेट"वाली ओळ मात्र ठेवा हां, ती महत्त्वाची वाटते. म्हणजे काय होतं, कॅमेरा आपोआप बसवायचा नाही असं वर सांगितलेलं आणि कुठं बसवायचा ते खालून काढून टाकलेलं. कॅमेरा शून्याजवळ उभा. आमचा डेटा यूटीएम झोन ४३ मध्ये, म्हणजे नकाशाच्या मीटरमधल्या पत्त्यात, विषुववृत्तापासून सांगलीचा उत्तरेचा आकडा साडेअठरा लाख मीटरच्या आसपास. म्हणजे कॅमेरा विषुववृत्तावर, झोनच्या हद्दीच्याही बाहेर, समुद्रात कुठंतरी उभा राहून पूर शोधत होता आणि मी इथं विश्रामबागेत बसून ग्राफिक्स ड्रायव्हर बदलत होतो! तीन तास! ड्रायव्हर! एका रीसेट कॅमेऱ्याच्या ओळीसाठी! बरं तो बसवला तर २४० फोटोंत पाणी जागचं हलेना, कारण व्ह्यूची वेळ पुढं सरकवणारी ओळसुद्धा साफसफाईत गेलेली.

सकाळी गाईडनी विचारलं, "फ्रेम कुठायत?" मी करडा फोटो दाखवला. ते म्हणाले, "धुकं आहे काय?"

पुण्याच्या भावा, आता सरळ बोलतो. ट्रेस रेकॉर्ड केलास त्यात काही वाईट नाही, सगळेच करतात, मीपण करतो. पण दुसऱ्याला देताना वर तीन ओळी लिहायला तुझं काय जातं? कुठलं व्हर्जन, कुठल्या कमांडनं चालवली, डेटा कुठं ठेवायचा. फाईलचा पत्ता बाहेरून घे, कमांडच्या पुढं लिहायचं एक आर्ग्युमेंट आहे, दोन मिनिटांचं काम आहे. द्यायच्या आधी दुसऱ्या फोल्डरमधून, पॅराव्ह्यूची खिडकी बंद करून, एकदा, फक्त एकदा चालवून बघ, आणि २४० नको, एकच फ्रेम काढ आणि ती डोळ्यांनी बघ. चार वर्षं ह्या लॅबमध्ये काढलीस, चालली की दिली असं नसतं, तुझ्या मशीनवर चालली म्हणून दिली. आणि व्हर्जनच्या, कॅमेऱ्याच्या, वेळेच्या त्या ओळींना परत हात लावू नकोस. साफसफाईची एवढी हौस असेल तर तुझं डेस्कटॉप आवर, न्यू फोल्डर टूपासून सुरुवात कर.