दुसरा अंक फाडू नका

मुंबईहून कोल्हापूरला यायचं विमान पावसानं रद्द झालं, रात्र विमानतळावरच गेली आणि तिथं स्वतःच्या नाटकाचा दुसरा अंक वाचताना 'हे सगळं खोटं आहे' असं वाटलं, असं तुम्ही तुमच्या लेखात लिहिलंय. विमानाचं आधी सांगतो. हवामानामुळं रद्द झालं तर नुकसानभरपाई मिळत नाही, पण तिकिटाचे पैसे परत किंवा दुसरं विमान, यातलं एक घेण्याचा हक्क तुमचाच. मागून घ्यावं लागतं.

पण मला बोलायचंय ते अंकाबद्दल. मी राज्य नाट्य स्पर्धेसाठी इथल्या हौशी नटांबरोबर काम करतो. उपाशीपोटी, अर्धवट झोपेत, कानावर सारख्या घोषणा आदळत असताना कुठलाही संवाद पोकळच वाटणार हो! आणि संहिता एकट्यानं मनात वाचून कळतही नाही. तालमीत चांगला नट एकाच वाक्याला पुन्हापुन्हा अडखळला, तर बहुतेक वेळा ते वाक्यच खोटं असतं. जिथं तो न सांगता आपोआप थांबतो, तिथं तुम्ही खरं लिहिलेलं असतं. लेखात दिलेला बापाचा घर विकायचा प्रसंग मी मोठ्यानं वाचला. शेवटची दोन वाक्यं जास्त आहेत, बाकी पक्कं आहे.

इथं कोल्हापुरात १९१५ साली शाहू महाराजांनी उभारलेलं, पुढं गायक-नट केशवराव भोसल्यांचं नाव मिळालेलं नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ ला जळालं, तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं होतं. अशा गावाला नवी नाटकं हवीत. संहिता घेऊन या, वाचनाला माणसं मी जमवतो.