ब्रसेल्सच्या नावावर खपवलेले निर्णय

युरोपियन युनियन या २७ देशांच्या, बेल्जियममधल्या ब्रसेल्समधून कारभार चालणाऱ्या संघाचा विषय निघाला की एक दावा हमखास समोर येतो: ‘ब्रसेल्समध्ये बसलेले, कोणीही न निवडलेले अधिकारी कायदे करतात, २७ देशांची सरकारं निमूट मान डोलावतात, लहान देशांना तर कोणी विचारतही नाही.’ हा दावा मला फार खटकतो, कारण त्यामुळे खरे निर्णय घेणारे लोक नजरेआड होतात.

आधी अधिकाऱ्यांचं पाहू. बहुतेक विषयांत कायद्याचा मसुदा मांडण्याचा हक्क फक्त युरोपियन कमिशनलाच, म्हणजे युनियनच्या कार्यकारी यंत्रणेलाच, आहे, आणि तो हक्क लहानसहान नाही, हे मान्य. पण मसुद्याचा कायदा व्हायला साधारणपणे दोघांची मंजुरी लागते. एक, १९७९ पासून थेट मतदानाने निवडली जाणारी युरोपियन पार्लमेंट. दुसरी, मंत्र्यांची कौन्सिल. शेतीचा विषय असेल तर तिथे २७ देशांचे कृषिमंत्री बसतात, पर्यावरणाचा असेल तर पर्यावरणमंत्री. त्यांच्यापुढे येण्याआधी देशोदेशींच्या प्रतिनिधींचे कार्यगट मसुद्याचं कलम न् कलम पिंजून काढतात, मग तो राजदूतांच्या समितीकडे जातो. बरेचसे वाद तिथेच मिटतात.

‘निमूट’ हा शब्द तर अजिबात टिकत नाही. २०३५ पासून नव्या गाड्यांतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडू नये, हा नियम वाटाघाटींत ठरून गेला होता. फक्त शेवटचं मतदान उरलं होतं. मार्च २०२३ मध्ये ऐन वेळी जर्मनी अडून बसला. नेहमीच्या मतदानात किमान ५५ टक्के देश, म्हणजे २७ पैकी १५, बाजूने लागतात आणि त्यांची लोकसंख्या युनियनच्या किमान ६५ टक्के भरावी लागते. इटली आणि पोलंडही नाराज असताना जर्मनीवाचून हा आकडा गाठणं शक्य नव्हतं. कृत्रिम इंधनावर चालणाऱ्या गाड्यांसाठी वाट मोकळी ठेवण्याचं आश्वासन कमिशनने दिलं, तेव्हा कुठे २८ मार्चला नियम मंजूर झाला.

मग मोठ्यांचंच चालतं का? करआकारणी, परराष्ट्र धोरण, नव्या देशाला प्रवेश अशा बाबतींत एकमत लागतं, आणि तिथे माल्टाचा नकार जर्मनीच्या नकाराइतकाच भारी असतो. बहुमताने होणाऱ्या मतदानातही जर्मनी, फ्रान्स आणि इटली या तिघांनी मिळून एखादा कायदा रोखायचा म्हटलं तर जमत नाही, चौथा देश सोबत लागतोच. १७ जून २०२४ रोजी निसर्ग पुनरुज्जीवनाचा कायदा मतदानाला आला. बाजूने २० देश, त्यांची लोकसंख्या ६६.०७ टक्के. ऑस्ट्रियाचा वाटा जेमतेम दोन टक्क्यांचा, पण तो वजा केला असता तर कायदा पडला असता. ऑस्ट्रियाच्या मंत्री लिओनोर गेवेस्लर यांनी आपल्याच चॅन्सेलरचा, म्हणजे सरकारप्रमुखाचा, विरोध पत्करून बाजूने मत दिलं. कायदा तरला तो त्या एका मतावर.

एखाद्या देशाच्या मनाविरुद्ध नियम होतच नाहीत, असं मात्र मी म्हणणार नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये १,२०,००० निर्वासितांची वाटणी ठरली तेव्हा चेक प्रजासत्ताक, स्लोव्हाकिया, हंगेरी आणि रोमानिया यांनी विरोधात मत दिलं आणि ते हरले. हंगेरी आणि स्लोव्हाकिया युनियनच्या न्यायालयात गेले. २०१७ मध्ये तिथेही हरले. या देशांवर निर्णय लादला गेला, हे खरंच आहे. पण तो बहुमताने मंजूर केला तो इतर देशांच्या मंत्र्यांनी.

टीका करायचीच असेल तर खरी दुखरी जागा वेगळी आहे. पार्लमेंट, कौन्सिल आणि कमिशन यांच्यातली शेवटची तडजोड बहुतेकदा बंद दाराआड होते. मंत्री आत एखाद्या कलमाला होकार देतो आणि मायदेशी परतून ‘ब्रसेल्सने लादलं’ म्हणतो. मतदाराला ते पडताळून पाहणं जड जातं. ‘अधिकारी सगळं करतात’ हा दावा नेमकी अशाच मंत्र्याची सोय करतो.

डेन्मार्कमध्ये हे इतकं सोपं नाही. तिथे महत्त्वाच्या विषयावर कौन्सिलमध्ये वाटाघाटीला बसण्याआधी मंत्र्याला संसदेच्या युरोपविषयक समितीपुढे उभं राहून आपली भूमिका मांडावी लागते. समितीतलं बहुमत त्या भूमिकेच्या विरोधात असेल, तर ती घेऊन त्याला ब्रसेल्सला जाता येत नाही.